चित्रं वाचणारी मुलं

नभोवाणीवरून चित्रांविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा आधी हसूच आलं. जिथं ऐकणाऱ्याला काही दाखवता येत नाही, तिथं चित्रांची गोष्ट करायची कशी? त्यात मी चित्रकार नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात राहणारा आणि मराठीत कविता लिहिणारा साधा माणूस. पण गेली बरीच वर्षं माझ्या घरी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. संध्याकाळी गल्लीतली पोरं येतात, ‘चाचा, पेटी उघडा’ म्हणतात आणि ओट्यावर पुस्तकं पसरून बसतात. त्यांना पाहता पाहता जे ध्यानात आलं आणि त्या कुतूहलापोटी पुढं जे वाचनात आलं, तेवढंच आज सांगणार आहे.

मोठी माणसं पुस्तक उघडतात तेव्हा त्यांची नजर आधी अक्षरांवर जाते. चित्राकडे आपण जाता जाता बघतो, जसं बसच्या खिडकीतून एखादं गाव बघावं. मुलांचं तसं नसतं. अक्षरओळख न झालेलं पोर चित्रातच राहायला जातं. आपण ‘राजा सिंहासनावर बसला होता’ हे वाक्य वाचून पान उलटायला जावं, तर ते आपला हात धरतं. ‘थांबा ना! सिंहासनाखाली मांजर आहे.’ आणि खरंच मांजर असतं. लेखकानं ते लिहिलेलं नसतं. चित्रकारानं ते काढलेलं असतं आणि त्या पोरानं ते वाचलेलं असतं.

इथं एक फरक समजून घेतला पाहिजे. चित्रं असलेलं प्रत्येक पुस्तक हे चित्रपुस्तक नसतं. आपल्याकडे बहुतेक पुस्तकं ‘सचित्र’ असतात. म्हणजे गोष्ट शब्दांत पूर्ण सांगून झालेली असते आणि मधेमधे चित्र येतं. ते चित्र काढून टाकलं तरी गोष्टीचं काही अडत नाही. खऱ्या चित्रपुस्तकात गोष्टीचा अर्धा भार चित्रावर असतो. समजा, पानावर एवढंच लिहिलंय, ‘बाळू शहाण्यासारखा झोपला.’ आणि चित्रात काय आहे? बाळू गोधडीत शिरून बॅटरीच्या उजेडात कुत्र्याच्या पिल्लाला बिस्कीट भरवतो आहे. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच सांगतं आणि गंमत त्या दोघांच्या मधल्या जागेत असते. ती जागा मूल स्वतः भरून काढतं. वाचून दाखवणाऱ्या आजोबांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, याचा त्याला कोण आनंद होतो!

मी कविता लिहिणारा असल्यामुळे ही मधली जागा माझ्या ओळखीची आहे. कवितेतही दोन ओळींच्या मधे बरंच काही न लिहिता ठेवावं लागतं. सगळं सांगून टाकलं की कविता मरते. चित्रपुस्तकाचा चित्रकारही हाच हिशेब सांभाळतो. त्याच्यापुढं आणखी एक बंधन असतं. छापखान्यात मोठा कागद छापून, घड्या घालून, कापून त्याची पानं होतात. त्यामुळे पानांची संख्या आठाच्या किंवा सोळाच्या पटीत ठेवणं सोयीचं पडतं. म्हणून बहुतेक चित्रपुस्तकं सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. एवढ्याच पानांत गोष्ट बसवायची, कोणता प्रसंग दोन्ही पानांवर पसरायचा, कोणता कोपऱ्यात ठेवायचा आणि पान कुठं उलटायला लावायचं, हे ठरवायचं. दार किलकिलं झालेलं दाखवून पान संपवलं तर पलीकडे काय असेल या उत्सुकतेनं मुलाचा हात आपोआप पुढं जातो. ही कारागिरी आहे आणि ती शिकावी लागते.

मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना बहुतेक जण युरोपातल्या कोमेनियस या शिक्षकापासून सुरुवात करतात. मुलांना जगाची ओळख आणि लॅटिन भाषा एकदमच व्हावी म्हणून त्यानं चित्रांचं एक पुस्तक केलं. ते १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. छापील पुस्तकापुरतं हे बरोबर आहे. पण चित्र दाखवत गोष्ट सांगणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. त्यासाठी मला फार लांब जावं लागत नाही. नदीबरोबर खाली उतरलं की झालं.

आमच्या सायखेड्यावरून वाहणारी गोदावरी नांदूरमधमेश्वरचा बंधारा ओलांडते, कोपरगाव-पुणतांब्यावरून पुढं जाते आणि नाथसागरात शिरून पैठणला पोचते. या पैठणच्या नावानं ओळखली जाणारी एक चित्रशैली आहे. ठसठशीत रेषा, टपोरे डोळे, भडक पण एकमेकांना सांभाळून घेणारे रंग आणि रामायण-महाभारतातले प्रसंग. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. चित्रकथी नावाचे कलावंत ती घेऊन गावोगाव हिंडत. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे ‘पोथी’. त्यात दोन दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. कथेकरी एकेक चित्र लोकांपुढं धरायचा, वाद्यांच्या साथीवर प्रसंग गाऊन सांगायचा आणि तो संपला की चित्र फिरवायचा. म्हणजे पान उलटायचा! बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथीचा उल्लेख येतो. इतकी ही परंपरा जुनी आहे. पैठण शैलीची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. आणि कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर आदिवासी कलावंतांनी ही कला जिवंत ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण माझ्या घरातलं. आमच्या घराच्या भिंतीवर माणसाचं किंवा प्राण्याचं चित्र नसायचं. काबेची तसबीर होती आणि सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलेली एक आयत. पण माझ्या नानीला अमीर हमजाच्या दास्तानमधले किस्से तोंडपाठ होते. परी, देव, उडणारे घोडे, तिलिस्मी किल्ले. ते सगळं आम्ही डोळे मिटून बघायचो. पुढं कॉलेजात असताना वाचनात आलं, की याच दास्तानची चित्रं अकबर बादशहानं काढून घेतली होती. साधारण १५६२ च्या सुमारास काम सुरू झालं आणि ते पंधराएक वर्षं चाललं. सुमारे चौदाशे चित्रं झाली. ती कापडावर रंगवलेली, दोन फुटांहून अधिक उंच. पुढून चित्र आणि पाठीमागे मजकूर. एकानं चित्र उभं धरायचं, मागचा मजकूर वाचून कथा सांगायची आणि समोरच्यांनी चित्र बघायचं, अशी ती पाहिली जात असावीत, असं अभ्यासक मानतात. पैठणचा चित्रकथी आणि अकबराचा दास्तानगो, दोघांची रीत किती सारखी!

इराणहून आलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे उस्ताद त्या कामावर देखरेख करत होते आणि त्यांच्या हाताखाली इथले हिंदू-मुसलमान चित्रकार काम करत होते. त्या काळच्या शाही चित्रशाळेतल्या दसवंत नावाच्या चित्रकाराविषयी अबुल फजलनं लिहून ठेवलं आहे, की तो पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढत बसायचा. बादशहाची नजर त्याच्यावर पडली आणि त्याचं भाग्य उजळलं. आज त्या चौदाशेपैकी दोनशेसुद्धा चित्रं उरलेली नाहीत. १८८१ साली श्रीनगरमध्ये त्यातली काही खिडक्यांना वारा अडवायला लावलेली सापडली. ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मुलांनी भिंत रंगवली म्हणून आपण त्यांच्यावर डाफरतो, तेव्हा मला हा दसवंत आठवतो.

या दोन्ही उदाहरणांत चित्रकार गोष्टीच्या ऐन मध्यभागी बसलेला आहे. मग तो बाजूला कसा गेला? त्याचं मोठं कारण छपाई. मराठीत छापखाने आले आणि शब्द स्वस्त झाले. चित्र मात्र महागच राहिलं. शिळाप्रेसवर रंगीत चित्र छापायचं तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत असा छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यामुळे देवदेवतांची रंगीत चित्रं घरोघरच्या भिंतींवर पोचली. मुलांच्या हातातलं पुस्तक मात्र काळ्या शाईतच राहिलं. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक काढलं. मराठी मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण तो जमाना शब्दांचा होता. मुलांना ज्ञान द्यायचं, बोध द्यायचा, आणि तो शब्दांतून द्यायचा.

१९१४ सालची एक हकिगत मला फार बोलकी वाटते. मुंबई इलाख्यातले एक इंग्रज अधिकारी सी. ए. किंकेड यांनी आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. श्रावणात घरोघरी बायका सांगतात त्या आदितवारच्या, सोमवारच्या कहाण्या. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावानं मॅकमिलन कंपनीनं ते पुस्तक काढलं आणि त्यातली रंगीत चित्रं होती रावबहादूर एम. व्ही. धुरंधर यांची. धुरंधर म्हणजे कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेले आणि पुढं तिथंच शिकवणारे नामवंत चित्रकार. नऊवारीतल्या बायका, वाडे, देवळं सगळं त्यांच्या ओळखीचं. म्हणजे कहाणी आपली, चित्रकार आपला, पण ती चित्रं गेली इंग्रजी पुस्तकात. मराठी मूल कहाणी ऐकत होतं आणि ते चित्र दुसऱ्याच भाषेतलं मूल बघत होतं. यात दोष कुणा एकाचा नाही. रंगीत छपाईचा खर्च सोसणारा प्रकाशक आणि ते विकत घेणारं गिऱ्हाईक तेव्हा इंग्रजीत होतं, एवढाच याचा अर्थ.

माझ्या पिढीला रंगीत चित्रं भेटली ती ‘चांदोबा’त. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि त्यात बसलेला वेताळ, अशा विक्रमराजाचं चित्र ज्यानं पाहिलं नाही असा माझ्या वयाचा मराठी वाचक विरळाच. ते काढायचे शंकर. त्यांचं पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. १९५२ पासून अनेक दशकं ते ‘चंदामामा’साठी काढत राहिले आणि २०२० साली, नव्वदी उलटून गेल्यावर वारले. आम्हा पोरांना तेव्हा चित्रकला म्हणजे काय हे सांगणारं कुणी नव्हतं. पण चित्राच्या कोपऱ्यातली सही झाकून ‘हे कुणाचं?’ असा खेळ आम्ही खेळायचो आणि बरोबर ओळखायचो. रेषेवरून माणूस ओळखायला आम्ही तिथं शिकलो.

त्याच काळात रशियन पुस्तकंही यायची. मोठाली पानं, मजबूत बांधणी, किंमत अगदी कमी आणि भाषा मराठी! मॉस्कोत राहून अनुवाद करणाऱ्या अनिल हवालदारांसारख्यांनी ती मराठीत आणली होती. बर्फ कधीही न पाहिलेल्या आम्हा पोरांनी बर्फ पाहिला तो त्या चित्रकारांच्या ब्रशातून. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ही पुस्तकं यायची थांबली. आजही जुन्या बाजारात एखादं सापडलं, तर माझ्या वयाची माणसं ते छातीशी धरून घरी आणतात.

शाळेच्या पुस्तकांनाही विसरून चालणार नाही. खेड्यातल्या कितीतरी घरांत पाठ्यपुस्तक हेच एकमेव पुस्तक असतं. त्यामुळे त्यातलं चित्र हेच पोरानं पाहिलेलं पहिलं चित्र. १९६७ साली ‘बालभारती’ ही संस्था स्थापन झाली आणि १९७१ पासून तिचं ‘किशोर’ मासिक निघू लागलं. प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी ‘बालभारती’नं चित्रं काढून घेतली ती शि. द. फडणीस यांच्याकडून. फडणीस म्हणजे शब्दाविना हसवणारे व्यंगचित्रकार, १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेले, जे. जे.चे विद्यार्थी. गणितासारख्या धाक असलेल्या विषयात त्यांची हसरी माणसं आणि प्राणी शिरले. मोठा चित्रकार मुलांच्या पुस्तकाकडे वळला, की काय होतं याचं हे उदाहरण. ते पुस्तक लाखो पोरांच्या दप्तरात गेलं. कोणत्या चित्रप्रदर्शनाला इतका प्रेक्षक लाभला असेल?

मराठीत चित्रपुस्तक म्हणून जे आपण आज ओळखतो, त्याचं नाव घेताना माधुरी पुरंदरे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, पॅरिसला जाऊन शिकल्या. पिकासोचं चरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. अशी कलेत मुरलेली व्यक्ती ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’सारखी छोटी पुस्तकं लिहिते आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढते, तेव्हा शब्द आणि चित्र यांची भांडणं होत नाहीत. एकाच मनातून दोन्ही निघतात. त्यांच्या चित्रांतलं घर बघा. दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातल्या चपला, ओट्यावरची भांडी. हत्ती-सिंह-राजा सोडून साधं मराठी घर चित्रात येतं आणि मुलाला आपलं रोजचं जगणं पुस्तकात जाण्याजोगं आहे हे कळतं. त्यांचं ‘चित्रवाचन’ नावाचं पुस्तक तर नावातच सगळं सांगतं. चित्र वाचायचं असतं. ‘वाचू आनंदे’च्या भागांत त्यांनी चांगल्या मराठी साहित्याचे वेचे आणि चांगली चित्रं मुलांसमोर एकत्र ठेवली. २०१४ साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला.

आता पुन्हा ओट्यावर येऊ. आमच्या भागात द्राक्षांच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची आदिवासी कुटुंबं मजुरीला येतात. त्यांच्याबरोबर पोरंही येतात. घरात कोकणा किंवा वारली बोली, शाळा मागं राहिलेली, इथल्या शाळेत नाव असतं-नसतं. अशी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी काही दिवस ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून नुसती बघायची. पुस्तक हातात घ्यायला लाजायची. माझ्याकडे चेन्नईच्या तारा बुक्सनं २००९ साली काढलेलं ‘डू!’ नावाचं पुस्तक आहे. एका मित्रानं भेट दिलेलं. डू म्हणजे कर. रमेश आणि रसिका हेंगाडी, शांताराम आणि कुसुम धडपे या आपल्या महाराष्ट्रातल्या वारली चित्रकारांनी ते रंगवलं आहे. खाकी कागदावर पांढऱ्या रेषा. पळणारी, नाचणारी, नांगरणारी, पाणी भरणारी माणसं. प्रत्येक पानावर एकेक क्रियापद.

ते पुस्तक उघडं होतं. ती मुलगी पायरीवरून उठली, जवळ आली आणि तिनं पानावर बोट ठेवलं. ‘हे आमच्यात लग्नात काढतात,’ ती म्हणाली. मग दोन त्रिकोणांचं माणूस कसं करायचं, भिंतीला आधी गेरू कसा लावायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कसं कालवायचं, काडीचं टोक चावून कुंचला कसा करायचा, हे तिनं माझ्या गल्लीतल्या पोरांना सांगितलं. तोवर ती शिकणारी होती, आता शिकवणारी झाली. त्या पुस्तकातलं इंग्रजी अक्षर तिला येत नव्हतं आणि इतर पोरांनाही नीट येत नव्हतं. कुणाचं काही अडलं नाही.

वारली चित्रांची ही रीत लग्नाच्या चौकातली, सवाशिणींनी जपलेली. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर, कापडावर आणली आणि जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आज चहाच्या कपावर, पिशव्यांवर, सरकारी भिंतींवर, सगळीकडे वारली माणसं नाचताना दिसतात. पण ती कुणी काढली हे कुठंच लिहिलेलं नसतं. ‘डू!’सारख्या पुस्तकात चित्रकारांची नावं पुस्तकाचे कर्ते म्हणून छापलेली आहेत. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. चित्र ज्याचं, त्याचं नाव त्याच्याजवळ राहिलं पाहिजे.

नावाचा हा प्रश्न फक्त आदिवासी चित्रकारांचा नाही. घरी जाऊन मुलांची चार-पाच पुस्तकं काढून बघा. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर ठळक असेल. चित्रकाराचं नाव असलंच तर आत बारीक टायपात, मुद्रकाच्या शेजारी. काहींत तर मुळीच नसेल. अमेरिकेत १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकारासाठी कॅल्डेकॉट पदक दिलं जातं. आपल्याकडे टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमानं २०१६ पासून ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारात लेखकाबरोबर चित्रकाराचाही सन्मान सुरू केला. पहिल्याच वर्षी लेखनासाठी त्यांनी मराठी भाषा निवडली होती आणि तो मान माधुरीताईंना मिळाला. अशा गोष्टी वाढायला हव्यात. कारण चित्रपुस्तकासाठी चित्रकार महिनोन्‌महिने बसतो. नाव नाही, पुरेसा मोबदला नाही, तर चांगला चित्रकार इकडे येईल कशाला? तो जाहिरातीकडे जाईल आणि मुलांच्या वाट्याला उरेल ते उसनं चित्र. सगळ्यांचे चेहरे एकसारखे, गाल गुलाबी, घर कुठल्या देशातलं ते कळत नाही. आता तर संगणकाला सांगितलं की क्षणात चित्र तयार होतं. ते चकचकीत असतं. पण त्यात सिंहासनाखाली मांजर ठेवण्याचा खट्याळपणा कुणाचा असणार?

मूल चित्रातून काय घेतं याचा एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला आणि सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं. माझी पेटी खालच्या खोलीत होती. पाणी ओसरल्यावर पुस्तकं उन्हात वाळत घातली. साध्या कागदाची पुस्तकं वेडीवाकडी झाली, पण वाचली. चकचकीत आर्ट पेपरची मात्र पानं एकमेकांना घट्ट चिकटली. त्या कागदावर जो लेप असतो तो भिजला की डिंकासारखा होतो. सोडवायला गेलं की चित्राचे पापुद्रे निघत. मी ती टाकून द्यायला काढली, तर पोरांनी देऊ दिली नाहीत. वह्यांचे कागद आणले आणि फाटलेली पानं आठवून आठवून काढली. कुठं काय होतं यावरून त्यांची भांडणं झाली. झाडावर घुबड होतं की नव्हतं? होतं, आणि त्याचा एक डोळा बंद होता! गोष्टीचे शब्द फारसे कुणाला आठवत नव्हते. घुबडाचा मिटलेला डोळा आठवत होता. चित्रं अर्थातच मूळ चित्रांसारखी आली नाहीत. ज्याच्या त्याच्या हाताची आली. त्यातल्या एका चित्रात नदीवर आमचा पूल होता.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना चार साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलासाठी पुस्तक घेताना दुकानात उभ्या उभ्या शब्दांवर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघत पानं उलटा. काही गोष्ट कळते का, पुढचं पान बघावंसं वाटतं का, ते पाहा. चित्रकाराचं नाव शोधा. घरी वाचून दाखवताना पान उलटायची घाई करू नका. ‘हा कोण? तो कोण?’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘तुला काय दिसतंय?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. पुस्तकं महाग आहेत हे खरं. पण ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. तिथं चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं दिलेलं असतं. गावच्या ग्रंथालयानं वर्षाच्या खरेदीत कादंबऱ्यांबरोबर दहा चांगली चित्रपुस्तकं घेतली, तर बालविभागाच्या कपाटाला लावलेलं कुलूप उघडावं लागेल.

मुंबई-पुण्याची मुलं कधीतरी कलादालनात जातात. सायखेड्यातल्या, पेठमधल्या, सुरगाण्यातल्या पोरांना कलादालन कुठलं? त्यांच्यासाठी चित्रकाराचा हात पोचतो तो पुस्तकाच्या पानावरूनच. आमच्या गल्लीतलं एक पोर परवा नवं पुस्तक उघडून म्हणालं, ‘चाचा, ही यशवाल्या बाईंचीच चित्रं दिसतात.’ त्याला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. मुखपृष्ठावरचं नाव त्यानं वाचलेलं नव्हतं. रेषा ओळखली होती. मी त्याला ते नाव वाचून दाखवलं आणि त्यानं दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.